उजीला शब्द सापडेपर्यंत

"हे काय आहे?" आगाशे बाईंनी चित्राचं कार्ड टेबलावर ठेवून विचारलं.

"कंदील," मी म्हणाले.

"तुला नाही विचारलं. हिला विचारलंय."

हिला म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, उज्ज्वलाला. घरात आम्ही तिला उजी म्हणायचो. ती आठ वर्षांची होती आणि मी बारा. मिरजेच्या एका दवाखान्यात वरच्या मजल्यावर, मुलांच्या बोलण्याच्या अडचणी तपासणाऱ्या आगाशे बाईंसमोर आम्ही बसलो होतो. आई खुर्चीत अंग चोरून बसली होती, मी उजीला चिकटून. उजी चित्राकडे एकटक बघत होती. तिचे ओठ हलले आणि थांबले. मला राहवेना. मी तिच्या कानाशी हळूच 'कं' म्हटलं. बाईंनी कार्ड उलटं करून ठेवलं आणि मला बाहेरच्या बाकावर जाऊन बसायला सांगितलं.

मला त्याचा फार अपमान वाटला. उजीच्या वतीने बोलणं हे माझं काम होतं. ते मला कुणी दिलं नव्हतं, पण घरात, शाळेत, दुकानात सगळ्यांनी ते धरून चाललेलं होतं. उजी काहीतरी बोलायची आणि समोरचा माणूस माझ्याकडे बघायचा. तिला पापड हवा असेल तर ती उन्हाळा म्हणायची. छत्रीला घर म्हणायची. स्वतःचं नाव तिला नीट जमायचं नाही, उज्ज्वलाचं उलजा व्हायचं, आणि शाळेतली मुलं तिला त्याच नावाने हाक मारायची. पहिलीत ती दोनदा बसली होती. मुलगी मंद आहे असं मास्तरांचं म्हणणं होतं. ऐकू येत नसेल, असं शेजारच्या काकूंना वाटायचं. मी मात्र तिचं सगळं ओळखायचे आणि त्याचा मला तोरा होता.

दार किलकिलं होतं. मी बाकावरून ऐकत होते. आत बराच वेळ काहीच बोलणं झालं नाही. बाईंनी पुन्हा विचारलं नाही, की काही सुचवलंही नाही. मग उजीचा आवाज आला, "रात्री... लाईट गेली की." पुन्हा शांतता. "चिमणी," ती म्हणाली. मला वाटलं, झालं, चुकली. पण बाई तरीही गप्प होत्या. थोड्या वेळाने उजी अगदी स्वच्छ म्हणाली, "कंदील."

नंतर बाईंनी मला आत बोलावलं आणि आईला समजावून सांगितलं. कान खालच्या मजल्यावर तपासून झाले होते, ते उत्तम होते. डोकंही चांगलं होतं. चित्रांचे तुकडे तिने वयाच्या मानाने भराभर जुळवले होते. अडचण फक्त भाषेची होती. शब्द ऐकला की तो ओळखायलाच तिला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तोवर आपण पुढच्या वाक्यावर गेलेलो असतो. बोलतानाही तसंच. हवा तो शब्द लगेच हाताला लागत नाही, त्याच्या शेजारचा लागतो. कंदील शोधताना रॉकेलची चिमणी.

आईने विचारलं, ह्याला औषध काय? बाई म्हणाल्या, औषध नाही, सराव आहे. दर मंगळवारी घेऊन या. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "आणि तू तिचं वाक्य पुरं करायचं नाहीस. मनात दहा आकडे मोजायचे. लागले तर परत मोजायचे."

तो पहिला मंगळवार अकरा ऑगस्टचा. ह्या प्रकाराला तेव्हा मराठीत नाव आहे की नाही हेही आम्हाला माहीत नव्हतं. आता त्याला विकासात्मक भाषा विकार म्हणतात. तेव्हा आईने परत येताना एसटीत एवढंच म्हटलं, की पोरगी वेडी नाही म्हणाल्या बाई. आणि तिने डोळे पुसले.

आम्ही धरणाच्या वसाहतीत राहायचो. बाबा दरवाजांच्या केबिनमध्ये कामाला होते. पावसाळ्यात धरण भरत आलं की सांडव्याचे वक्री दरवाजे उचलून नदीत पाणी सोडायचे, ते काम बाबांच्या हातून व्हायचं. दरवाजे उचलायच्या आधी भोंगा तीनदा वाजायचा. तोपर्यंत खालचं नदीपात्र जवळजवळ कोरडं असायचं, दगडांतून घोट्याएवढी धार वाहायची. पात्राच्या मधोमध एक बेट होतं. त्यावर पहिल्या पावसानंतर गवत कमरेइतकं वाढायचं.

आमच्याकडे दूध घालायला खालच्या गावातून शेवंतामावशी यायची. तिची एकच म्हैस होती. मावशी सावकाश बोलायची, एक वाक्य बोलून झालं की तंबाखू मळत बसायची, म्हणूनच की काय उजीचं तिच्याशी जमायचं. दुपारी कधीकधी उजी नदीच्या वळणापर्यंत तिच्याबरोबर जाऊन परत यायची.

त्याच आठवड्यात गुरुवारी शाळा सकाळची होती. आई शेजारी गेली होती. मी व्हरांड्यात बसून पंधरा ऑगस्टचं भाषण पाठ करत होते. वसाहतीच्या कार्यक्रमात बोलायला माझी निवड झाली होती. उजी दुपारी कुठेतरी जाऊन आली होती आणि आता पायरीवर बसून चिंचोके मांडत होती. साडेतीनच्या सुमाराला पहारेकरी बाबालालकाका सायकलवरून आले. घाम पुसत त्यांनी सांगितलं, की वर डोंगरात मोप पाऊस झालाय, चार वाजता दोन दारं उचलायची आहेत. सोमवारच्या विजेने भोंग्याची मोटर जळाली होती आणि दुरुस्तीचा माणूस अजून आला नव्हता, म्हणून ते घरोघर तोंडी सांगत फिरत होते. काठ त्यांनी पाहिला होता. पात्रात कुणी दिसलं नव्हतं.

"शेवंताबाईच्या घराला तेवढं कुलूप हाय," ते म्हणाले. "हिकडं आल्ती का?"

मी मान हलवली. दुपारनंतर ती मला दिसली नव्हती. उजीने मान वर केली. तिचे ओठ हलले.

"माव... मावशी," ती म्हणाली. "केस. केस कापायला गेली."

बाबालालकाकांनी सगळ्यांसारखं माझ्याकडे बघितलं. मी वहीतून डोळेही वर केले नाहीत. म्हटलं, "तिच्या नातवाचं जावळ आहे ना ह्या आठवड्यात, काका. लेकीकडे वरच्या वाडीला गेली असेल."

त्यांना ते पटलं. जावळाचं मावशीने वसाहतीत सगळ्यांना सांगितलेलं होतं. "आस्सं व्हय," म्हणून त्यांनी सायकल वळवली आणि ते धरणाकडे गेले.

मी पुन्हा वहीत डोकं घातलं. उजी चिंचोके सोडून माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"केस नाही."

"मग काय? न्हावी? वेणी? जावळच ना?"

ती प्रत्येक शब्दाला मान हलवत होती. मी एकेक शब्द पुढे करत होते आणि तिचा चेहरा आणखी गोंधळत होता. आता कळतं, की ती ज्या शब्दाच्या जवळ जात होती तो माझ्या प्रत्येक शब्दाने दूर ढकलला जात होता. शेवटी मी वैतागून म्हणाले, की मला पाठ करू दे, आई आली की तिला सांग. उजीने स्वतःच्याच कपाळावर दोन बुक्क्या मारल्या. मग ती पायऱ्या उतरली आणि नदीच्या रस्त्याने चालायला लागली.

मी धावत जाऊन रस्त्यावरच्या मोरीपाशी तिला गाठलं. दंड धरला. एक ठेवून द्यावी असंच मनात होतं. पण ती मलाच नदीकडे ओढायला लागली. उजी हट्टी नव्हती. तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी मोरीच्या कठड्यावर बसले आणि तिला समोर उभं केलं.

"मावशी काय करायला गेली?" मी विचारलं, आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

मी मोजायला लागले. दहा झाले. काही नाही. माझ्या जिभेवर चार शब्द तयार होते, ते गिळणं मला खरंच जड जात होतं. परत एकपासून सुरुवात केली. उजी माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होती.

"म्हैस खाते," ती म्हणाली.

मी गप्प राहिले.

"म्हैस खाते ते केस."

आणि तिने डाव्या मुठीत काहीतरी धरून उजव्या हाताने खालून विळा ओढल्यासारखं केलं.

घड्याळ माझ्याकडे नव्हतं. किती वाजले होते कोण जाणे. मी धरणाच्या दिशेने पळत सुटले. उजी मागे येत होती, तिच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. केबिनकडे चढणाऱ्या दगडी पायऱ्या मी दोन-दोन करून चढले. वर पोचले तेव्हा बाबा बटणांच्या पेटीपाशी उभे होते. शाखा अभियंता चौगुले साहेब मनगटातलं घड्याळ बघत होते, आणि बाबालालकाका कोपऱ्यात डोक्याचं फडकं काढून उभे होते. चाराला चार मिनिटं होती.

मी धापा टाकत सांगितलं, की शेवंतामावशी बेटावर आहे, गवत कापतेय. बाबालालकाकांनी माझ्याकडे बघितलं. अर्ध्या तासापूर्वी मी त्यांना काय सांगितलं होतं हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

चौगुले साहेबांनी विचारलं, कुणी पाहिलं? मी म्हटलं, उजीने. तेवढ्यात उजी दारात आली. साहेबांनी तिला एका दमात विचारलं, तू नेमकं काय पाहिलंस, किती वाजता, ती परत आली नाही हे कशावरून. उजी त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. साहेबांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. वरून पाणी वाढत होतं, वेळ टळली तर त्यांना जाब द्यावा लागणार होता, आणि समोर एक पोर काहीच न बोलता उभी होती. त्यांनी बाबांना म्हटलं, की यशवंतराव, बाबालालने काठ पाहिलाय.

बाबांनी बटणावरचा हात काढला. "साहेब, तिला एकेक विचारावं लागतं," ते म्हणाले. "मी विचारतो."

ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "उजी, मावशी कुठं आहे?"

टेबलावरचा फोन वाजायला लागला. कुणी उचलला नाही. तो वाजून बंद झाला. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी होते, जणू शब्द हातातूनच निसटणार होते. उजी चालत खिडकीपाशी गेली. तिने काचेवर बोट टेकवलं.

"तिथं. दोन दगड. मागं."

"काय करते?"

"वाकली. कापते."

वरून बेट दिसत होतं, दोन काळे दगडही दिसत होते. त्यांच्यामागे काय आहे ते मात्र ना केबिनमधून दिसत होतं, ना काठावरून. चौगुले साहेब क्षणभर खिडकीशी उभे राहिले. मग त्यांनी बाबालालकाकांना जीप घेऊन खाली पिटाळलं, आणि स्वतः फोन फिरवून वरच्यांना कळवलं, की दरवाजे अर्धा तास उशिरा उचलतो, जबाबदारी माझी.

शेवंतामावशी त्या दगडांमागेच होती. दोन भारे बांधून झाले होते, तिसऱ्यासाठी कापत होती. बाबालालकाकांनी तिला हाताला धरून धारेतून अलीकडे आणलं. भारे तिथेच राहिले. साडेचारला बाबांनी बटण दाबलं. आधी लोखंडाचा कण्हल्यासारखा आवाज आला, मग पांढरं पाणी सुटलं, आणि बघता बघता बेट नाहीसं झालं. त्याआधीच मावशी धरणाच्या पायथ्याशी पोचली होती. उजी पायऱ्या उतरून तिच्याकडे गेली होती. मी केबिनमध्येच होते. चौगुले साहेब मला विचारत होते, की हे तुझ्या लक्षात कसं आलं, आणि मी त्यांना सांगत होते.

शनिवारी झेंडावंदनानंतर साहेबांनी माईकवरून माझं नाव घेतलं. कु. विजया धुमाळ हिने प्रसंगावधान राखून एका महिलेचे प्राण वाचवले. मला एक शाईचा पेन मिळाला. भाषण पाठ होतं ते मी केलंच नाही, त्याऐवजी गुरुवारची हकीकत सांगितली, आणि ती फार चांगली सांगितली. जळालेला भोंगा, चाराला चार मिनिटं, वाजणारा फोन. म्हशीचे केस हे कोडं मी कसं सोडवलं, हेही सांगितलं. 'माझ्या लहान बहिणीला नीट बोलता येत नाही' एवढाच उजीचा उल्लेख होता. शेवंताबाई हसत हसत वर आल्या, असा मी शेवट केला. टाळ्या बराच वेळ चालल्या. जावळाचं मी सांगितलं नाही. बाबालालकाका झेंड्याच्या खांबापाशी उभे होते, त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

पुढे उजी तीन वर्षं दर मंगळवारी मिरजेला गेली. शब्द तिला सापडायला लागले, उशिरा का होईना. दहावी तिने तिसऱ्या खेपेला काढली. आता ती आणि तिचा नवरा विट्याजवळ रोपवाटिका चालवतात. मी वकील झाले. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचे नसतात, हे मला कॉलेजात शिकवलं तेव्हा वर्गात मान खाली घालून बसणारी मी एकटीच असेन.

गेल्या वर्षी बाबा गेले. त्यांचे दिवस झाल्यावर मी चार दिवस उजीकडे राहिले. एका सकाळी ती रोपांच्या पिशव्यांत माती भरत होती आणि मी बाजूला बसून तिला पिशव्या उघडून देत होते. बाबांचं, केबिनचं बोलणं निघालं. माझ्या मनात इतकी वर्षं होतं ते मी तेव्हा सांगून टाकलं. तू केस म्हणालीस आणि मी विचार न करता जावळ सांगितलं. मावशी मेली असती तर माझ्यामुळे मेली असती. आणि पंधरा ऑगस्टला मी ते लपवलं, तुझं नावही घेतलं नाही.

उजीने माती दाबून पिशवी रांगेत ठेवली. दुसरी घेतली. तीही भरून झाली. तिने ऐकलं की नाही, मला कळेना.

"मी हात वर केला होता," ती म्हणाली.

"कधी?"

"झेंड्याच्या दिवशी. तू बोललीस. मग मी."

मला वाटलं होतं, हे तिला आठवत नसेल. मला आठवत होतं. माझं बोलणं संपलं तेव्हा लहान मुलांच्या रांगेत उजी हात वर करून उभी राहिली होती. चौगुले साहेबांनी ते पाहिलं. हिला काही सांगायचंय का, असं त्यांनी मलाच विचारलं. माईक माझ्या हातात होता. मी म्हणाले, "नाही सर. तिला बोलता येत नाही." सगळ्या वसाहतीने ते ऐकलं. उजीने हात खाली घेतला आणि ती बसली. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं, माझ्या नवऱ्यालाही नाही.

"मी पाहिला होता तुझा हात," मी म्हणाले. "तुला काय सांगायचं होतं? की मी चुकले म्हणून?"

तिने नकारार्थी मान हलवली. मग ती थांबली. मी पिशवी धरून बसून राहिले.

"मावशी हसत नव्हती," उजी म्हणाली. "तू हसत म्हणालीस. तिचे पाय... कापत होते. ती खाली बसली. रडली खूप. मला धरून. मग पाणी आलं, तेव्हा अजून रडली." एवढं बोलून तिने दम घेतला. "ते सांगायचं होतं. सगळे हसत होते ना. म्हणून."

गुरुवारी त्या वेळी मी वर केबिनमध्ये साहेबांना सगळं समजावून सांगत होते. खाली पायथ्याशी काय चाललंय, ते मी खिडकीतून वाकून बघितलंसुद्धा नव्हतं.